खान्देशात मतं फिरली की नुसत्या सीमा फिरल्या?

"धुळे काँग्रेसकडे गेलं", "नंदुरबार परत पंजाकडे आलं" अशी वाक्यं निकालाच्या रात्री पटकन बोलली जातात. खान्देशात ती फार वेळा चुकतात, कारण आपण मतदारसंघाचं नाव बघतो, त्याची हद्द बघत नाही.

२००९ ची निवडणूक मतदारसंघांच्या नव्या पुनर्रचनेनुसार झाली. एरंडोल लोकसभा संपली, रावेर आलं आणि बुलढाण्यातलं मलकापूर त्याला जोडलं. धुळ्याचं आदिवासी आरक्षण गेलं. धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर आता नंदुरबारात आहेत, तर धुळ्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगावचे दोन्ही भाग आणि बागलाण. म्हणजे २००४ चं धुळे आणि २००९ चं धुळे यांची टक्केवारी शेजारी ठेवणं सरळ चूक.

धुळ्याची २०२४ ची लोकसभाच बघा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छावांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. धुळे जिल्ह्याचा कल बदलल्याचा पुरावा यात नाही. नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्याच्या पाचही जागा महायुतीने घेतल्या, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आकडे विधानसभावार पाहिले असते तर बसला नसता.

हद्द तपासली की उमेदवार तपासायचा. शिरपूरला काशीराम पावरा २००९ आणि २०१४ ला पंजावर आमदार, २०१९ आणि २०२४ ला कमळावर. तिथले काँग्रेसचे नेते अमरीशभाई पटेल भाजपत गेले आणि मतं त्यांच्यामागे गेली. इथे पक्षनिष्ठा मोजणं म्हणजे चुकीची वस्तू तराजूत टाकणं. रावेरला उलटं: भाजपचे एकनाथ खडसे २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले, तरी २०२४ ला त्यांच्या सूनबाई रक्षा खडसे कमळावरच सहज निवडून आल्या. नेता गेला म्हणजे मतं गेलीच, हा नियमही सगळीकडे लागू होत नाही.

नंदुरबार जरा अवघड. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊदा काँग्रेसचे खासदार. २०१४ ला भाजपच्या हीना गावितांनी त्यांना लाखाहून जास्त मतांनी पाडलं. हीना यांचे वडील विजयकुमार गावित तोवर राष्ट्रवादीचे मंत्री होते, म्हणजे नवी मतं किती आणि घरातून आणलेली किती, हा प्रश्न उरतोच. २०२४ ला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून अधिक मतांनी आले, पण पुढच्या विधानसभेत सहापैकी फक्त नवापूर काँग्रेसकडे राहिलं, तेही काठावर.

(आणि भाजपच्या आधीच्या जनसंघाला इथे जुनी मुळं आहेत म्हणून १९५७ चा उत्तमराव पाटलांचा विजय दाखवणाऱ्यांनी त्या वर्षीची संयुक्त महाराष्ट्राची लाट विसरू नये.)

खरं बघायचं तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून फॉर्म २० उतरवून घ्या. त्यात प्रत्येक बूथची उमेदवारवार मतं असतात. बूथ क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, म्हणून क्रमांकावरून जुळवू नका. केंद्रांची यादी उघडून गाव आणि शाळेच्या नावाने जुळवा. टपाली मतं वेगळी काढा. नंदुरबारातल्या अक्कलकुवा-धडगावच्या बूथांवर टक्केवारीआधी एकूण मतदान बघा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली माणसं मेमध्ये, म्हणजे लोकसभेला, गावी असतात, नोव्हेंबरात विधानसभेला नसतात.