घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

इंदुरात कुणी वस्तूचा भाव ऐकून नुसतं "ठीक है, डन" म्हणालं की माझे कान टवकारतात. भाजी घेतल्यावर वरून मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या फुकट पडल्याशिवाय आमच्याकडे पिशवी मिटत नाही. अशा गावात कुरकुरणारा जुना झोपाळा न पाहता, सांगितल्या भावाला कोण घेईल? ऑनलाइन जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीत फसवणुकीची पहिली खूण मी हीच धरते.

मावशीचं पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं आणि तिचं रामबागेतलं घर रिकामं करायचं काम माझ्या गळ्यात आलं. पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, पायाची शिलाई मशीन, लोखंडी कपाट, मावसभावाची अंगणात उभी स्कूटर. "फुकट देईन, पण भंगारवाल्याच्या गाडीवर चढू देणार नाही," हा मावशीचा हुकूम. मग फोटो काढले आणि जाहिराती टाकल्या.

झोपाळ्याची जाहिरात टाकली आणि चहाला उकळी येते न येते तोच फोन. "मैडम जी, आर्मी से बोल रहा हूँ, महू में पोस्टिंग है." ही थाप देशभर चालते, पण इंदुरात ती जरा जास्तच खपते, कारण महू खरंच शेजारी आहे. इन्फंट्री स्कूल तिथे, आर्मी वॉर कॉलेज तिथे. बदल्या होतात, बिऱ्हाडं लागतात आणि मोडतात, सामान घेतलं-विकलं जातं. लुच्चा कुठेही बसलेला असो, भूगोल मात्र पक्का करून बसतो. पाठोपाठ गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड, सगळं व्हॉट्सअॅपवर. मी काहीच मागितलं नव्हतं. खरा फौजी स्वतःचं ओळखपत्र असं अनोळखी बाईला कशाला पाठवत बसेल?

मावशी मात्र विरघळली. "अगं, देशासाठी उभा राहतो तो, दोन हजार कमी कर त्याला." त्याने एक रुपयाही कमी मागितला नव्हता! फळी किती फुटी, लाकूड कुठलं, कड्या मूळच्या की नंतर लावलेल्या, काही नाही. मावशीच्या वाड्याचा जिना इतका अरुंद की गादीसुद्धा दुमडून उतरवावी लागते. मी म्हटलं, "जिने से उतरेगा कैसे?" तर म्हणे, "हमारी गाड़ी आ जाएगी मैडम, पेमेंट पहले कर देते हैं, ऑफिस का रूल है." आणि आला क्यूआर कोड. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा.

इथे जरा थांबते, कारण चांगली शिकलेली माणसंही इथेच अडकतात. यूपीआयचा पिन फक्त खात्यातून पैसे बाहेर जाताना लागतो, किंवा शिल्लक पाहताना. पैसे येताना पिन नाही, स्कॅन नाही, ओटीपी नाही. पिन टाकणं म्हणजे चेकवर सही करणं. समोरचा तुम्हाला पैसे देणार असेल तर सही त्याची लागते. मी हे त्याला विचारलं, तर उत्तर तयार: "ये आर्मी का मर्चंट अकाउंट है, इसमें उल्टा प्रोसेस होता है." वर मासला म्हणून पाच रुपयांचा कोड पाठवला, म्हणे करून बघा, दहा परत येतील. खरंच येतातही! या दहा रुपयांवर विश्वास बसला की पुढचा कोड पूर्ण रकमेचा असतो. ओळखपत्रावर एक नाव आणि कोडखाली कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी "जवान को पाँच रुपये मेरी तरफ से चाय के लिए" असं लिहून नंबर ब्लॉक केला आणि दिला मात्र एक पैसा नाही.

पूर्वी असे लुच्चे याच कामासाठी यूपीआयवरून "पैशांची विनंती" पाठवत; ती मान्य करून पिन टाकला की पैसे जात. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. क्यूआर कोड आणि लिंका मात्र राहिल्या, त्यामुळे धंदा तिकडे वळला.

पुढे झोपाळा गेला तो महूलाच. एक सुभेदारसाहेब बायकोला घेऊन आले. बाईंनी आधी फळीखाली हात फिरवला, वाळवी पाहिली, मग टेप काढून माप घेतलं, मग कडीचा पितळी मुलामा नखाने खरवडून पाहिला. मुलामा नव्हता, भरीव पितळच होतं, तरी तोंड वाकडं करून हजार रुपये पाडून मागितले. आठशेवर तुटलं. दोरी स्वतःची, हमाल स्वतःचा. मावशीने लाडू दिले बांधून.

शिलाई मशीनच्या वेळी निराळंच. एका बाईंचा रडवेला फोन: "दीदी, अठारह सौ की जगह अठारह हजार चले गए, बच्चे की फीस के थे, बाकी लौटा दो." मेसेजही आलेला, रक्कम जमा झाल्याचा. नीट पाहिलं तर तो बँकेच्या नावाने नव्हे, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला. मेसेज आणि स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. मी स्वतःचं बँकेचं अॅप उघडून शिल्लक पाहते आणि ती वाढल्याशिवाय मशीनचं झाकणही उघडून दाखवत नाही. समजा खरंच जास्त पैसे आलेच, तर "बँकेत जाऊन लिहून देते" म्हणायचं. रडणं तिथेच थांबतं.

घेतानाही खूण तीच, फक्त उलटी: विकणारा फार स्वस्तात देतो आणि घाई करतो. लेकीसाठी वाजवायची पेटी शोधत होते. एकाने जर्मन सुरांची पेटी अशा भावात लावली होती की त्यात नुसता भाता यावा. "चार जणं मागताहेत, टोकन टाका." म्हटलं, व्हिडिओ कॉलवर या, झाकण उघडा, भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा, पेटी आपोआप बोलते का ऐकू दे. मग काळी एक धरा. गृहस्थ आधी "नेटवर्क नाही" म्हणाले, मग दिसलेच नाहीत. तीच पेटी, कोपऱ्यावर तोच ओरखडा, पुढे दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत पाहिली. वस्तू हातात नसलेल्या माणसाला असं काहीतरी करायला सांगायचं जे फोटोत येत नाही.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. भंवरकुआं भागातल्या क्लासवाल्या पोरांत जुने फोन सारखे फिरत असतात. *#06# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो; इंग्रजीत KYM, मग जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस 14422 वर पाठवायचा. उत्तरात काळ्या यादीतला किंवा डुप्लिकेट असं आलं तर फोन टेबलावर ठेवून उठायचं. आणि जुन्या मालकाने फोनमधलं आपलं खातं तुमच्यासमोर काढून टाकलं पाहिजे, "घरी गेल्यावर काढतो" नको.

स्कूटर विकताना फसवणूक उशिरा कळते, म्हणून ती मला सगळ्यांत वाईट वाटते. पैसे रोख मिळतात, किल्ली जाते, आणि आरसी तुमच्याच नावावर राहते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईला कागदावरचा मालक जबाबदार, गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, आणि विकल्याची खबर चौदा दिवसांत आरटीओला. कोऱ्या फॉर्मवर सही मागणारे दलाल पुष्कळ भेटतात, मोठे गोड बोलतात.

एकटी बाई विकणारी असेल तर पूर्ण पत्ता आधी देऊ नये. मी आधी जवळचा चौक सांगते, माणूस तिथवर आला की भावाला खाली पाठवते. छोटी वस्तू असेल तर सरळ छप्पन दुकान या खाऊगल्लीत बोलावते, गर्दीही असते आणि कॅमेरेही.

कुणी अडकलंच तर रडत बसण्याआधी 1930 लावायचा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत थांबवता आले तर येतात, म्हणून तास-दोन तासांचाही फरक पडतो. व्यवहाराचा बारा आकडी नंबर, चॅटचे फोटो, क्यूआर कोड, सगळं ठेवायचं. रागाच्या भरात चॅट पुसून टाकायचं नाही. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते. नंतर काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फाइल चार्ज भरा" असा फोन येऊ शकतो. तो पहिल्याच टोळीतला असतो किंवा तिच्याकडून यादी घेतलेला. 1930 वर तक्रारीला पैसे लागत नाहीत, आणि पिन तिथेही कुणी विचारत नाही.