चूक कोणाच्या हातून झाली?

लास वेगासमधल्या एका लिलावगृहात मी कसिनोच्या जुन्या चिप्स, म्हणजे जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी लावतात त्या चकत्या, तपासते. चिप खरी की बनावट, हे ठरवणं त्या मानानं सोपं. डोकं पिकवतात त्या 'एरर' चिप्स, म्हणजे कारखान्यातच बिघडलेल्या आणि कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडलेल्या. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात, धडधाकट चिपपेक्षा जास्त पैसे मोजतात. म्हणूनच चांगली चिप घरी बसून बिघडवणारेही आहेत.

कसिनोत पत्ते वाटणाऱ्या एका निवृत्त डीलरनं अशा तीन चिप्स एकदम आणल्या, तो दिवस चांगलाच लक्षात राहिला. तिन्ही एकाच कसिनोच्या, जो आता बंद झाला आहे. पहिली लाल चिप, एका बाजूला 5 डॉलर आणि दुसऱ्या बाजूला 25. दुसरीच्या एका बाजूला मधलं छापील लेबल, ज्याला आम्ही इनले म्हणतो, तेच नाही. तिसरी पुन्हा 5 डॉलरची. तिच्या कडेला पिवळे ठिपके हवेत, त्यातला एक हिरवा. गृहस्थांची सगळी भिस्त पहिलीवर होती. तिसरी त्यांनी 'आणलीच आहे तर बघून घ्या' म्हणत पुढे सरकवली.

आमच्या विभागप्रमुख बाई तरुणपणी चिप्सच्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे चिप साच्यात दाबणाऱ्या यंत्रावर, काम करत. कोणतीही एरर चिप समोर आली की त्या एकच प्रश्न विचारतात, "ही चूक कोणी केली?" त्यांना नाव नको असतं. चकती कापणाऱ्यानं, ठिपके बसवणाऱ्यानं, इनले ठेवणाऱ्यानं की प्रेसवाल्यानं, एवढंच सांगायचं. ते सांगता आलं नाही तर ती एरर म्हणून कॅटलॉगमध्ये जात नाही.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर चिपचा कारखान्यातला प्रवास डोळ्यांसमोर हवा. 'क्ले' चिप म्हणतात खरं, पण नुसत्या मातीची चिप टेबलावर आपटून लगेच तुकडे होईल. म्हणून मातीत खनिजं आणि सगळं घट्ट धरून ठेवणारी द्रव्यं मिसळतात. प्रमाण ज्याचं त्याचं गुपित. या मिश्रणाची चकती घेऊन तिच्या कडेचे तुकडे काढतात आणि त्या खाचांत दुसऱ्या रंगाच्या मिश्रणाचे तुकडे बसवतात. तेच ते ठिपके, रंगवलेले नव्हेत. मग दोन्ही बाजूंना इनले ठेवून चकती प्रेसच्या साच्यात जाते. तिथे साधारण 150 अंश सेल्सिअस उष्णता आणि दर चौरस इंचाला 10,000 पौंडांच्या आसपास दाब असतो. तापलेलं मिश्रण वाहतं, साच्याच्या नक्षीत शिरतं, ठिपके मूळ चकतीशी एकजीव होतात आणि इनले रुतून बसतो. ही नक्षी म्हणजे कारखान्याची सहीच. लास वेगासमध्ये 1963 साली सुरू झालेल्या पॉल-सन या कंपनीच्या चिप्सवरची उंच टोपी आणि काठी संग्राहक दुरून ओळखतात. साच्यातून निघालेल्या चिपच्या कडेला जादा मिश्रणाचा पापुद्रा राहतो, तो लेथवर उतरवला की चिप तयार.

या प्रवासात प्रेस ही सीमारेषा आहे. आधी झालेल्या चुकीवर सगळी उष्णता, सगळा दाब, साचा आणि लेथ यांची मोहोर उमटते. नंतर केलेल्या करामतीवर ती उमटू शकत नाही. मी जे शोधते ते एवढंच.

दुसऱ्या चिपचा निकाल आधी लागला. प्रेसमध्ये जाताना इनले ठेवायचाच राहिला असता, तर वाहतं मिश्रण साच्याच्या मधल्या भागाला जाऊन भिडलं असतं. तिथला पृष्ठभाग आजूबाजूच्या पातळीला, साच्यातून निघाल्यासारखा नितळ हवा. इथे चिप तिरप्या उजेडात धरली तर मध्ये इनलेच्या आकाराचा उथळ खड्डा. भिंगातून त्या खड्ड्याच्या तळाशी कागदाचे तंतू दिसले. इनले होता, तो कोणीतरी उपटून काढला होता.

पहिलीवर मात्र बराच वेळ गेला, कारण काम सफाईदार होतं. 5 डॉलरच्या बाजूला इनलेच्या कडेवर मिश्रण किंचित चढलेलं होतं, कुठे जास्त, कुठे कमी. दाबाखाली वाहिल्याची ती खूण. 25 च्या बाजूला इनलेभोवती केसाएवढी फट आणि ती पूर्ण वर्तुळभर सारखी. अतिनील दिव्याखाली त्या फटीत निळसर चमक दिसली, ती गोंदाची. 5 च्या बाजूला काहीच चमकत नव्हतं. 25 च्या बाजूच्या नक्षीचा इनलेलगतचा भाग थोडा बसका झालेला, बहुधा जुना इनले सोडवताना दिलेल्या उष्णतेनं. कारखान्यात दोन किमतींचे इनले एका चकतीवर पडू शकतात, अशा खऱ्या चिप्स मी पाहिल्या आहेत. त्यांचे दोन्ही इनले एकाच दाबाखाली, सारखेच रुतलेले असतात.

मग तिसरी. ठिपक्याला नुसता रंग दिला असेल तर तो वरच्यावर राहतो आणि नक्षीच्या खाचांत साचतो. इथे हिरवा रंग वरच्या बाजूनं कडेवर उतरून खालच्या बाजूपर्यंत आरपार गेलेला होता. लाल आणि हिरव्याची हद्द सरळ नव्हती. एका ठिकाणी हिरव्याची बारीक शीर लालमध्ये ओढली गेली होती, शेजारच्या पिवळ्या ठिपक्यांच्या हद्दीही तशाच विस्कटलेल्या. तरी एक शंका उरते. मूळ ठिपका कोरून काढून तिथे हिरवं काहीतरी भरलं असेल तर? म्हणून कड भिंगाखाली धरून चिप हळूहळू फिरवली. लेथच्या पात्याच्या बारीक रेघा लालवरून हिरव्यावर आणि पुन्हा लालवर अखंड जात होत्या. वरची नक्षीही ठिपक्यावरून न तुटता पुढे गेली होती. म्हणजे साच्यात गेली तेव्हाच चिपच्या अंगात हिरवा तुकडा होता, लेथवर चढली तेव्हाही होता.

"कोणी केली?" बाईंनी विचारलं.

"ठिपके बसवणाऱ्यानं. बाजूच्या ट्रेमधला तुकडा हाती आला असणार."

त्यांनी स्वतः भिंग लावलं, कड एकदा फिरवून पाहिली आणि चिप माझ्याकडे परत दिली.

ही चिप तपासणीतून सुटली कशी, हेच मला जास्त नवल वाटतं. कडेचे ठिपके काही शोभेसाठी नसतात. चिप्स एकावर एक रचल्यावरही कॅमेऱ्यातून किंमत ओळखता आली पाहिजे, तीही कृष्णधवल पडद्यावर, असा नेवाडा राज्याचा नियम आहे. चुकीच्या रंगाचा ठिपका डीलरच्या डोळ्याला लगेच टोचतो. या चिपच्या कडा अजून धारदार होत्या, म्हणजे ती टेबलावर फार फिरलेली नव्हती. लवकरच कोणीतरी बाजूला काढून ठेवली असावी.

गृहस्थांना सगळं भिंगातून दाखवलं. पहिलीसाठी त्यांनी बरीच रक्कम मोजली होती, चेहरा उतरला. "दोन्ही बाजूंचे इनले एकमेकांशी जुळत नाहीत, एक फिरलेला आहे, निदान एवढं तरी एरर म्हणून लिहा," ते म्हणाले. ही मागणी आमच्याकडे सारखी येते आणि ती मान्य करता येत नाही. इनले ठेवताना वरच्या-खालच्याची दिशा कोणी जुळवत बसत नाही. थोडा तिरका, केसभर बाजूला सरकलेला इनले हे नेहमीचंच काम आहे, त्याला चूक म्हटलं तर निम्म्या चिप्स चुकीच्या ठरतील. हॉट स्टॅम्पच्या, म्हणजे इनलेऐवजी तापलेल्या ठशानं सोनेरी अक्षरं उमटवलेल्या चिप्सवर ती अक्षरं दोनदा उमटलेली असली, तर मी आणखी कडक आहे. तो ठसा प्रेसनंतर मारतात, तसं यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो. ती चिप कारखान्यातूनच तशी आली याचा वेगळा पुरावा नसेल तर मी ती घेत नाही.

पहिल्या दोन चिप्स 'नंतर बदललेल्या' अशा शेऱ्यासह परत गेल्या. शेरा नको, नुसत्या परत द्या, अशी गृहस्थांनी विनंती केली. मी नाही म्हटलं, कारण शेऱ्याशिवाय त्या चिप्स पुढच्या कोणाच्या तरी गळ्यात पडल्या असत्या. तिसरी त्यांनी लिलावाला ठेवली. तिच्या वर्णनात मी लिहिलं, 'एक ठिपका चुकीच्या रंगाचा, आरपार, प्रेसच्या आधीची चूक', आणि लेथच्या अखंड रेघा दिसतील असा कडेचा मोठा फोटो सोबत जोडला.