पहिला साप : कॉर्न स्नेक, धाब्याची खोली आणि खान्देशातला मे

पहिला साप कोणता घ्यावा, असं नवीन मंडळी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. मे महिन्यात तुमच्या घरात जो नीट राहील, तो घ्या. आमच्याकडे अमळनेर पट्ट्यात पारा ४५ ला टेकतो. त्यामुळे साप ऊबदार कसा ठेवायचा यापेक्षा तो गार कसा ठेवायचा, हाच खरा प्रश्न.

फेब्रुवारी. यादीत तीन नावं उरली. बॉल पायथन शांत, पण महिना-महिना जेवण सोडतो, आणि नवख्याचा धीर तिथेच सुटतो. शिवाय त्याला दमट हवा लागते, ती इथल्या कोरड्या उन्हाळ्यात टिकवणं अवघड. केनियन सँड बोआ लहान, कोरड्या मुलखातला, गरमीही सोसतो. मला तो फार आवडला होता. पण दिसायला तो आपल्या मांडुळासारखा, आणि मांडुळाच्या नावाने गुप्तधन आणि लाखोंच्या सौद्यांच्या भूलथापा अजून गावोगाव चालतात. तसला साप घरी आहे ही बातमी फुटली, तर चोरही येतील आणि वनखात्याचे लोकही. तो विचार सोडला. शिवाय हे दोन्ही साप ‘साईट्स’च्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले, म्हणजे २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी आलीच. तिसरं नाव कॉर्न स्नेक, अमेरिकेतला बिनविषारी साप. तो साईट्सच्या यादीत नाही, म्हणून तोच घेतला. तरी खरेदीची पावती मी जपून ठेवली आहे.

शेतातली धामण, दिवड किंवा मांडूळ मात्र अजिबात पकडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार हातात घेतली, तर पश्चात्तापालाही वेळ मिळत नाही.

मार्च. पिल्लू आलं. ९ ग्रॅम, पेन्सिलीएवढं जाड, नारिंगी अंगावर विटकरी ठिपके. “काय लई उना रे भाऊ?” (काय घेऊन आलास?) मायने दारातूनच विचारलं. पिल्लाचा प्लॅस्टिकचा टब दाखवला. लांबूनच बघितलं आणि गेली. पहिले सहा दिवस हात लावला नाही. सातव्या दिवशी कोमट पाण्यात वितळवलेली पिंकी (उंदराचं गोठवलेलं, बिनकेसांचं पिल्लू) ठेवली, ती त्याने नुसती हुंगली. चार दिवसांनी तीच पद्धत, पण छोट्या डब्यात रात्रभर ठेवून दिली. सकाळी डबा रिकामा! तेव्हापासून दर सहा दिवसांनी एक. जेवल्यावर दोन दिवस हाताळायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळतो.

मे. टब जुन्या धाब्याच्या खोलीत हलवला. मातीच्या छपराखाली दुपारी ३३, तर पुढच्या स्लॅबच्या खोलीत ३९. कॉर्नला उष्ण बाजू २९-३० आणि गार बाजू २४-२५ लागते, म्हणून टबखालची हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) महिनाभर बंदच ठेवली. खरा आधार कूलरचा. त्याने खोली २८ वर येते आणि हवाही ओलसर राहते. वारा थेट टबवर येऊ देत नाही, कूलर भिंतीकडे वळवलेला असतो. एका दुपारी दोन तास वीज गेली. टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली झाकणावर एका टोकाला ठेवली. ते पिल्लू हळूहळू तिच्याखाली सरकलं आणि वेटोळं घालून बसलं.

जून. डोळे दुधाळ झाले, जेवण नाकारलं. चौथ्या दिवशी डोळे साफ, सातव्या दिवशी कात पडली. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या दोन्ही पापुद्र्यांसकट. ते पापुद्रे मी भिंगाखाली मुद्दाम तपासले. राहिले तर पुढे त्रास होतो. पोटावरचे काळे-पांढरे चौकोन आता ठसठशीत दिसतात, रंगीत मक्याच्या कणसासारखे. वजन २१ ग्रॅम. माय आता पाण्याची वाटी रोज स्वतः बदलते. पुढच्या आठवड्यात पिंकीवरून फझीवर (लव फुटलेल्या, जरा मोठ्या पिल्लावर) न्यायचा विचार आहे. आणि डिसेंबरसाठी थर्मोस्टॅट आधीच घेऊन ठेवतो, धुळ्याकडची थंडीही साधी नसते.