रायचूर-सोलापूरची तार

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात थ्री फेज रात्री दोनला येते, म्हणून मोटार चालू करायला मीच जातो. 2012 च्या 30-31 जुलैला उत्तरेत अंधार झाला, तेव्हा आमच्याकडे लाईट होती. बाबा म्हणाले, "आपली लाईन वेगळी असणार." खरंच होतं! दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, तेव्हा निराळ्या तालावर चालायचं. 31 डिसेंबर 2013 ला 765 केव्हीची रायचूर-सोलापूर लाईन जोडली आणि सारा देश 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 हेलकाव्यांच्या) एकाच ठेक्यात आला. विजेनं कर्नाटक-महाराष्ट्र सीमा ओलांडलीसुद्धा. (आमचा सीमाप्रश्न अजून कोर्टात.) आता मोठ्या सबस्टेशनांत फेजर (विजेच्या लाटेची उंची आणि वेळ) मोजणारी यंत्रं उपग्रहाशी घड्याळ जुळवून सेकंदाला कितीतरी वेळा ग्रिडची नाडी बघतात. आमच्या डीपीचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज गेलेला त्यांना कळतो का, असं काल लाईनमनला विचारलं. नुसता हसला.