तुम्ही विचारलंत म्हणून : शुगर बघून चालणारं इन्सुलिन आलं का?

पंचवटीत माझं मेडिकल आहे. इन्सुलिनचं पेन न्यायला आलेलं माणूस हल्ली पैसे देता देता हमखास विचारतं, "दादा, ते शुगर बघून आपोआप चालणारं इन्सुलिन आलं का? आठवड्यातून एकदाच टोचायचं म्हणे."

नाही आलं. आणि या एका प्रश्नात दोन वेगळी औषधं मिसळली आहेत.

आठवड्याचं इन्सुलिन खरंच आहे. आयकोडेक त्याचं नाव, युरोपात २०२४ मध्ये मंजूर झालं. रक्तातल्या अल्ब्युमिनला ते चिकटून राहतं आणि थोडं थोडं सुटतं. पण तुम्ही जेवलात की उपाशी आहात, याचा त्याला पत्ता नसतो. टाइप १ च्या रुग्णांवरच्या चाचणीत रोजच्या इन्सुलिनपेक्षा त्याच्यावर शुगर लो होण्याचे प्रसंग जास्त दिसले.

शुगर लो होणं म्हणजे काय, ते श्रावणात आमच्या काउंटरवर दिसतं. सोमवारचा उपास, सकाळी नेहमीचे युनिट घेतलेले, वर त्र्यंबकची पायपीट. दुपारी गृहस्थ काचेला हात टेकून उभे. शर्ट घामाने चिंब, बोटं थरथरतायत, स्वतःच्या गोळ्यांचं नाव आठवत नाही. मीटरवर ५८. मग पाण्यातून १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं. (उपास मोडला म्हणून त्यांच्या घरच्या काकू आमच्यावरच चिडतात, ते वेगळं.) औषध जितके जास्त दिवस अंगात राहणार, तितका त्याला ब्रेक जास्त गरजेचा. माझ्या मते खरी लढाई ब्रेकची आहे, सुया कमी करण्याची नंतर.

शुगर बघून चालणारं इन्सुलिन म्हणजे हाच ब्रेक, आणि तो शोधायला सुरुवात झाली १९७९ मध्ये. ब्राउनली आणि सेरामी या संशोधकांनी साखर जोडलेलं इन्सुलिन एका वनस्पतिजन्य प्रथिनावर बसवलं; ग्लुकोज वाढलं की ते जागा बळकावतं आणि इन्सुलिन सुटतं. नॅनोवाल्यांनी पुढे वेगळी वाट धरली. इन्सुलिनसोबत अतिसूक्ष्म कणांत ग्लुकोज ऑक्सिडेज भरायचं. ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांत असतं तेच हे एन्झाइम. शुगर वाढली की ते तिचं आम्ल करतं, आम्लाने कण विरघळतो, इन्सुलिन बाहेर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये मधुमेही उंदरांत एका इंजेक्शनवर १० दिवसांपर्यंत शुगर आटोक्यात ठेवून दाखवली.

पण कण उघडला की उघडला. शुगर खाली आली तरी सुटलेलं इन्सुलिन परत आत जात नाही. म्हणून काहींनी कणाचा नाद सोडून इन्सुलिनच्या रेणूलाच हात घातला. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या एनएनसी२२१५ या इन्सुलिनमध्ये रेणूला एक कडं आणि साखरेसारखा एक तुकडा जोडलाय. शुगर कमी असली की तुकडा कड्यात बसतो, इन्सुलिन मंदावतं. शुगर वाढली की ग्लुकोज त्याला हुसकावतं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आले, उंदीर आणि डुकरांवरचे. ग्लुकोज ५४ वरून ३६० वर नेलं की रिसेप्टरवरची (पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं त्या जागेवरची) त्याची पकड साधारण ३ पट वाढते. निरोगी स्वादुपिंड मात्र शुगर उतरली की इन्सुलिन जवळजवळ थांबवतंच. तीन पटीत माणसाचं भागेल का?

ओझरचे एक बागायतदार काका हे सगळं ऐकून म्हणाले, "युरिया नॅनो झाला, मग इन्सुलिनला काय धाड भरली?" पेन घेतलं, आणि फोनवरची 'नॅनो इन्सुलिन थेंब' अशी जाहिरात दाखवून विचारलं, हे तरी मागवू का. मी म्हटलं, काका, पोटात गेलं की इन्सुलिन पचून जातं, ते थेंब कशाचे असतील देव जाणे. पेन फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.