काकांच्या घरातली खोली आणि न झालेला कागद

नोकरीसाठी मी पुण्याला आलो तेव्हा वडिलांनी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि पाच मिनिटांत माझ्या राहण्याची सोय झाली. कोथरूडमधल्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली, साडेपाच हजार रुपये भाडे, वीस हजार रुपये अनामत आणि सकाळचा चहा, असे ठरले. अनामत वडिलांनी रोख दिली. पावती मागण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. आला असता तरी "घरच्या माणसांत कसला आलाय कागद" असे म्हणून आईने तो तिथेच मोडून काढला असता.

सव्वादोन वर्षांनी काकूंची भाची शिक्षणासाठी पुण्यात येणार असे ठरले आणि मला आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगण्यात आले. अनामतीतून रंगकामाचे नऊ हजार वजा झाले. भिंतीचे पोपडे मी राहायला येण्याआधीपासूनच निघालेले होते, पण ते दाखवायला माझ्याजवळ एक फोटोसुद्धा नव्हता. वडिलांना काकांपाशी विषय काढवेना आणि मला वडिलांपाशी.

भाडे देतो तो भाडेकरू, एवढीच तोवर माझी समजूत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचल्यावर ती चुकीची असल्याचे कळले. ज्या घरात मालक स्वतः राहतो, त्याच घराचा काही भाग ज्या कुटुंबाबाहेरच्या माणसाला परवानगीने वापरायला दिला जातो, त्याला हा कायदा 'पेइंग गेस्ट' म्हणतो, आणि 'लायसेन्सी' (म्हणजे शुल्क देऊन, कराराने मिळालेल्या परवानगीवर जागा वापरणारा) या शब्दाच्या व्याख्येतून त्याला स्पष्टपणे वगळतो. त्यामागचे कारण मला पटते, कारण एकच स्वयंपाकघर आणि एकच न्हाणीघर वापरणारा परका माणूस मालकाच्या गळ्यात कायमचा पडू नये, हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे असे होते की ओळखीच्या घरात, जिथे आपण सर्वांत निर्धास्त असतो, तिथेच कायद्याचा आधार सर्वांत तोकडा असतो.

तरी तो अगदीच नसतो असे नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार, दिलेली परवानगी मागे घेतली तरी जागा सोडण्यासाठी आणि आपले सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क राहणाऱ्याला असतो. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा मोजून सांगत नाही. ते परस्परांत आधी ठरवून लिहून ठेवलेले बरे. अनामत हे तर सरळ सरळ परत करायचे पैसे आहेत, पण ती दिल्याचाच पुरावा नसेल तर मागायची कशाच्या बळावर?

ओळखीच्या माणसाचा स्वतंत्र फ्लॅट भाड्याने घेतला असेल तर गोष्ट बदलते. तिथे १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ लागू होते. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. "आपल्यात कशाला रजिस्ट्रेशन" असे म्हणणाऱ्या काकांना हे सहसा माहीत नसते.

गेल्या वर्षी मामेबहीण नाशिकला मामांच्या स्नेह्यांकडे राहायला जाणार होती, तेव्हा मी आग्रहाने एक पानी पत्र लिहून दिले. भाडे किती आणि ते बँकेतूनच द्यायचे, अनामत किती आणि ती कोणत्या कारणांसाठीच कापता येईल, खोली सोडायची झाल्यास दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, विजेचा हिस्सा, आणि तिच्या अनुपस्थितीत खोली उघडायची असेल तर आधी फोन, एवढेच त्यात होते. शिवाय पहिल्याच दिवशी भिंतींचे, पंख्याचे आणि नळाचे फोटो काढून ते तिने घरातल्या मावशींना व्हॉट्सॲपवर पाठवले. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मावशींनी मात्र पत्र चष्मा लावून सावकाश वाचले, सही करण्याआधी पेन मागून घेतले आणि खाली स्वतःची एक अट वाढवली: रात्री साडेदहानंतर यायचे असेल तर आधी कळवावे. बहिणीला ती जाचक वाटली, पण निदान ती कागदावर होती.