पौषातलं मंगल कार्यालय आणि आर्वीतली पाच अक्षरं

सकाळचे साडेअकरा वाजले होते. हॉलमध्ये पंचेचाळीसेक लॅपटॉप उघडे होते आणि त्यातल्या चाळीस स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच एरर. चूक माझी होती. पण ती कशी झाली हे सांगायला दोन महिने मागे जावं लागेल.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहतो, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. पुण्यात असताना डेव्हलपरांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या, फुकट परिषदांना जायचो. तिथे सगळं काम स्वयंसेवक करतात, वक्ते मानधन घेत नाहीत, आणि शिकलेलं दुसऱ्याला देण्यापलीकडे कुणाचा काही हेतू नसतो. 2005 मध्ये अमेरिकेत पालो आल्टोला बारकॅम्प नावाचा पहिला मेळावा झाला, तो याच रीतीचा. ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला तर आजही नाव नोंदवावं लागत नाही, सरळ आत जायचं. गावाकडे परतल्यावर वाटायचं, आपल्याकडच्या पोट्ट्यांनी यासाठी पुण्याला का जावं? जाण्यायेण्याचं भाडं आणि राहण्याचा खर्च धरला तर ती परिषद त्यांच्यासाठी फुकट राहतच नाही.

म्हणून एक दिवसाची परिषद आर्वीतच घ्यायची ठरवली. जागेसाठी एका संस्थेने आधी होकार दिला आणि मग ऐनवेळी माघार घेतली. तेव्हा आईने सुचवलं, "पौष लागते आता. पौषात लग्नं नाहीत, कार्यालयं रिकामीच असतात." मंगल कार्यालयाचे मालक काकाजी म्हणाले, "लाईनचं बिल अन् झाडझूड तेवढी द्या, बाकी काही नको."

नावं नोंदवायला फॉर्म टाकला तर आठ दिवसांत 112 नावं आली. या आकड्याने हुरळून जायचं नसतं. फुकट नोंदणीला बोट लावायला काहीच लागत नाही, आणि न येणाऱ्यांचंही जेवण शिजतं. 2007 मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला सुरू झालेल्या एसक्यूएल सॅटर्डे या डेटाबेसवाल्यांच्या फुकट परिषदांच्या आयोजकांचा एक रिवाज मला ठाऊक होता: प्रवेश फुकट, पण जेवणाचे थोडे पैसे घ्यायचे. मी पोळी, वांग्याची भाजी, वरण-भाताचे 50 रुपये ठेवले. डबा आणणाऱ्याला तेही नाहीत. 46 जणांनी पैसे भरले, त्यातले 43 आले. डबेवाले आणि नाव न नोंदवता आलेले धरून हॉल साठीच्या घरात गेला. त्यात एक मुलगा रात्रभर हरभऱ्याला ओलीत करून थेट आला होता, पायाला चिखल वाळलेला. तो पहिल्या रांगेत बसला आणि दिवसभर उठला नाही.

आता माझी चूक. पहिल्या सत्रात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिचं पँडाज हे आकडेवारीचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, वापरून कापसाच्या भावाची फाईल वाचायची होती. साठ जणांनी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून एकाच वेळी पॅकेजेस उतरवली तर नेट बसणार, हे दिसतच होतं. म्हणून मी घरीच पिप डाउनलोड, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून ठेवायची आज्ञा, चालवली, सगळ्या फायली पाच पेनड्राइव्हवर घेतल्या, बाण मारून मराठीत सूचनाही लिहिल्या. पण माझं मशीन लिनक्सचं. पिप डाउनलोड ज्या मशीनवर चालवाल त्याच मशीनच्या फायली आणतं, आणि समोर जवळपास सगळ्यांकडे विंडोज. पँडाजच्या आणि त्याला लागणाऱ्या नंपाय या पॅकेजच्या फायली प्रत्येक प्रणालीच्या वेगळ्या असतात, पायथनची आवृत्ती बदलली तरी वेगळ्या. त्या लाल एररचं कारण हे. आज्ञेत विंडोजच्या तयार फायली मागायची माझी एकच ओळ राहिली होती: प्लॅटफॉर्म विन-एएमडी-64, सोबत ओन्ली-बायनरी, आणि पायथनची आवृत्ती. असा कार्यक्रम गावात घेणार असाल तर पेनड्राइव्हवर विंडोजचं आणि लिनक्सचं असे वेगळे फोल्डर आधीच करा, आणि दोन्ही प्रकारच्या मशीनवर नेट बंद करून तपासून बघा. मी तपासलं होतं, पण फक्त माझ्याच मशीनवर.

नागपूरहून आलेल्या वक्त्या ताई पुलगावला गाडीतून उतरून एसटीने पोचल्या होत्या. त्यांनी मला बोलायलाही वेळ दिला नाही. "तुम्ही गच्चीवर जा, तिथे नेटवर्क मिळते, विंडोजवाला एक पोट्टा सोबत घ्या. तोवर माझं सत्र आधी घेते." विंडोजच्या फायली सगळ्या मिळून तीसेक एमबी. वीस मिनिटांत उतरलं. तेच पाच पेनड्राइव्ह मग रांगारांगांतून फिरले.

मी खाली आलो तेव्हा ताई देवनागरी मजकूर कसा साठवला जातो ते सांगत होत्या. त्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, नुसतं पायथन पुरतं. ज्याने त्याने आपल्या गावाचं नाव टाकून लांबी मोजली. रात्री ओलीत करून आलेला मुलगा उभा राहिला.

"ताई, आर्वीत तं दोनच अक्षरं हायेत. हे पाच काहून सांगून राह्यलं?"

ताईंनी फळ्यावर आर्वी फोडून लिहिलं: आ, र, हलन्त, व, दुसरी वेलांटी. मशीन हे पाच तुकडे मोजतं, आपण दोन अक्षरं वाचतो. जोडाक्षर तुटू न देता मोजायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवायच्या जागतिक मानकाच्या, ठरीव पद्धतीत 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा हॉल अगदी शांत झाला. आपल्या लिपीचा प्रश्न इतक्या अलीकडे सुटतोय आणि तो सोडवणाऱ्यांत आपणही असू शकतो, हे त्या पोरांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी हिशेब फळ्यावरच लिहिला: जमा, खर्च, लाईनचं बिल. ताईंनी गाडीभाडं घेतलं नाही. खुर्च्या रचत असताना तो मुलगा लॅपटॉप घेऊन जवळ आला. त्याने अक्षरं मोजायचा छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. आर्वीसमोर दोन आकडा आला होता. "आता 'क्ष' टाकून पाहतो," म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.